टाकीत मावणारी

१ ऑक्टोबर १९५८, बुधवार. तुळजापूर.
गच्चीवरची टाकी गळतेच आहे! काल आत उतरून शेंदूर-तेलात भिजवलेली सुतळी भोकात ठासली. देवाला लावायचा शेंदूर टाकीच्या बुडाला लावला. आज माळवदावर पुन्हा ओल.

ईरण्णा मिस्त्री म्हणतो, "बूडच गंजलंय. नवी आणा." मामंजी म्हणतात, "नवरात्र झाल्यावर बघू. यात्रेकरू यायलेत, त्यांना पाणी कुठनं द्यायचं?" टाकीचं तोंड एवढंसं. ईरण्णाचे खांदेच आत जात नाहीत. मावते ती मी एकटी. हे गेल्यावर दोन वर्षं वाटायचं, या घरात आता मी कुठे मावते? कळलं.

३ ऑक्टोबर
पुन्हा उतरले. आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या मुलींच्या शाळेचं पत्र नाही. मास्तरणीच्या जागेसाठी अर्ज करून दोन महिने झाले. "यायचं असतं तर आलं असतं," इति मामंजी.

५ ऑक्टोबर, रविवार
टाकीत अंधार, गंजाचा वास, गुडघे हनुवटीला. बाहेरचं बोलणं आत घुमतं, हे मामंजींच्या ध्यानात नाही. सासूबाईंना सांगत होते — "तिची नेमणूक आलीय. दहा तारखेला हजर व्हा म्हणतेत. पाकीट देव्हाऱ्यामागं ठेवलंय, बोलू नकोस. ही गेली तर टाकीत कोण उतरंल?"

 सासूबाई त्यांच्यापुढे बोलतात कधी? मी आत बसून रडले, रागानं. वर आल्यावर मामंजींनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, झालं.

६ ऑक्टोबर
पाकीट चार पावलांवर. मामंजी देवघरातून हलत नाहीत. पत्राशिवाय शाळेत मला कोण उभं करील?

८ ऑक्टोबर, बुधवार
टाकीला धार लागली. मामंजींनी सकाळीच शिडी लावून ठेवली. ती शिडी बघितली मात्र, सरळ मागच्या पडवीत जाऊन बसले नि म्हटलं, "मी बाजूला बसलेय." नैवेद्याचं पाणी त्याच टाकीतलं — आता चार दिवस मला तिकडे कोणी फिरकू देणार नाही.

साफ खोटं. पण शिडी तर टळली! घटकाभर हसू आलं. मग लक्षात आलं — देवघरही चार दिवस बंद. आणि परवा दहा तारीख. माझ्या हातानं माझ्या पायावर धोंडा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले.

९ ऑक्टोबर
सकाळी लवकरच सासूबाईंनी पत्रावळ वाढून आणली, लांबूनच सरकवली. "पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा व्हय गं?" म्हणाल्या. माझी मान वर होईना. "पोटभर जेव. उपाशी जाऊ नकोस."

कुठे जायचं, ते कळेना. भाकरी खाल्ली, पत्रावळ उचलली. खाली वाशीच्या शाळेचं पाकीट होतं.