एका चुलीची साखर

॥ श्री ॥
यवतमाळ, १० जानेवारी २०२४

चि. सौ. सुचित्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि मला कुकरची शिटी ऐकू येते, म्हणून माझ्या कानांचं काम पुन्हा टपालखात्याकडे सोपवलं आहे. सोबत साखर मोजायचं मशीन पाठवतो. जावईबापूंना डायबिटीस होऊन दोन वर्षं झाली, पण रक्त तपासायचं म्हटलं की त्यांना हटकून शेतावर काम निघतं. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी उपाशीपोटी त्यांच्या बोटाचा एक थेंब पट्टीवर घ्यायचा, आकडा वहीत लिहायचा, मला कळवायचा. शंभर-सव्वाशेच्या आसपास आला तर ठीक. गोळी किती द्यायची ते इथले डॉक्टर त्यावरून ठरवतील. चाळीस वर्षं पोरांचे कान पिळलेल्या मास्तरांना सुईची भीती वाटत असेल, तर तसं लेखी कळवावं.

लोभ आहेच, आकडे वेळेवर आले तर वाढेल.
तुझा
सदाशिवदादा

॥ श्री ॥
बाभुळगाव, ४ फेब्रुवारी २०२४

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मशीन पोचलं. ह्यांनी आधी कुरकुर केली, कायले हा उद्योग, मले काही झालं नाही. आता नेमानं चालू आहे. आकडे २१०, २३८, २५१ असे आले. गूळ, भात, चहातली साखर, सगळं बंद केलं, तरी चढतातच. दूध घालायला तांड्यावरून रुपीबाई येते, ती परवा म्हणाली की मास्तर वाळून काडी झाले, त्याईले खाऊ तं घाला बाई. मी म्हटलं, तुझ्या म्हशीला डायबिटीस नाही, तुला काय कळणार!

माझं बरं आहे. तहान फार लागते आणि तळपाय जळतात, पण वयच झालं आता.

वहिनींना नमस्कार. माया कमी करू नये.
आपली
सुचित्रा

॥ श्री ॥
यवतमाळ, ८ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सुचित्रा हिस,
आशीर्वाद.

आकडे डॉक्टरांना दाखवले. ते पेशंटलाच घेऊन या म्हणत होते. मी सांगितलं, पेशंट बसमध्ये चढत नाही, पण आकडे माझ्या बहिणीनं घेतलेत, म्हणजे पक्के. सकाळची गोळी आता एकाऐवजी दोन द्यायची. आणि जावईबापूंना विचार, गुळाची ढेप कुठं दडवली? म्हणावं, तोंड खोटं बोलेल, रक्त खोटं बोलत नाही. काही केल्या गोड देऊ नकोस, कितीही नाटक करोत.

तुझ्या करड्या नजरेवर विसंबून,
दादा

बाभुळगाव, १६ मार्च २०२४

ती. दादा यांस,
नमस्कार.

तेरवीपर्यंत तुम्ही इथंच होता, पण सांगवलं नाही. तुमच्या कानाशी ओरडून सांगावं असं ते नाही.

त्या सकाळी ह्यांनी दोन गोळ्या घेतल्या, वर बिनसाखरेचा चहा. दहाच्या सुमारास घामानं भिजले, हात थरथरायला लागले. मले गुळाचा खडा दे म्हणाले. मी दिला नाही. वर मीच बोलले, लेकरासारखं काय करून राह्यले! अर्ध्या तासात कोसळले. दवाखान्यात साखर अठ्ठावीस निघाली. पुढचे नऊ दिवस तुम्ही पाहिलेच.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली होती. ती चांगली आली. माझी वही पाहून त्या म्हणाल्या, हे आकडे या माणसाचे असूच शकत नाहीत.

नाहीतच. माझे आहेत. पहिल्याच दिवशी सुई पाहून हे पांढरे पडले. लग्नापासून ह्यांचे सोमवार मी धरते, ह्यांची चतुर्थी मी धरते, पुण्य दोघांना. मग थेंब दिला तर काय बिघडलं? एका चुलीचं खातो, साखर वेगळी कशी निघेल? हेही हसून म्हणाले, तुह्यामाह्यात काय वेगळं आहे.

तुम्ही टोमणे मारत गेलात, मी ताटातलं कमी करत गेले. ढेप कुठंही दडवलेली नव्हती, दादा.

मला पत्र लिहू नका.
सुचित्रा

यवतमाळ, २० मार्च २०२४

चि. सुचित्रा हिस,
आशीर्वाद.

नको म्हणालीस तरी लिहितो. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की गोळी वाढवतोय, घाम सुटला, थरथर झाली, तर तत्काळ साखर द्या. ते मी तुला कळवलं नाही. वाटलं, जावईबापू रोज थरथरतील आणि रोज गूळ मागतील. नाटकाचा विनोद सुचला, तो लिहिला, कामाचं गाळलं. गूळ तू नाकारला नाहीस. मी नाकारला.

आता ती वही पुन्हा उघड. तहान आणि तळपायांची जळजळ वयाची नव्हे. ते २५१ तुझे आहेत. तुझ्या साखरेसाठी त्यांच्या पोटात दोन गोळ्या गेल्या, आणि तुझ्या पोटात आजवर एकही नाही. मला त्यांच्या थाळीतला गूळ दिसत होता, तुझी तहान दिसली नाही.

शनिवारी पहिल्या बसनं येतो. काही खाऊ नकोस. तुला घेऊन दवाखान्यात जायचं आहे, सरासरीची ती तपासणीही करायची आहे. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसून राहीन. भांडण रिपोर्ट आल्यावर करू, ते मी हरणार आहे.

तुझ्या वाटचं रक्त मला देता येत नाही, सुचे. येत असतं तर आजही मी तेच केलं असतं, जे तू केलंस.

लोभ असावा असं लिहायला तोंड उरलेलं नाही.
दादा