एमजी की अल्फा

मिसरोद, भोपाळ
१९ नोव्हेंबर

चि. जितेंद्र यास अंबरीशदादाचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि तुझे ते गाड्यांचे व्हिडिओ बघून माझं डोकं उठलंय. आपली जुनी एमजी गाडी देऊन विक्रांतची तितकीच जुनी अल्फा घ्यावी का, एवढंच हवंय ना तुला? मग नीट वाच.

रविवारी मंडीदीपला विक्रांतच्या कारखान्यावर जाऊन अल्फा चालवली. संग्रहात ठेवायला तीच सरस. पाच गिअर, हलकं स्टिअरिंग, आणि वेग धरला की इंजिन गायला लागतं. पण बसायची तऱ्हा अशी, की हात लांब नि पाय आखूड असलेल्या माणसासाठीच बनवलीय. पेडलचा अंदाजच येईना. तसं म्हटलं, तर विक्रांत म्हणतो, "भाईसाहब, आजवर कोणी तक्रार केली नाही." चिडून परत आलो.

आपली एमजी जड. पण इंजिनात दम आहे, सुटे भाग मिळतात. चालवायची हौस असेल त्यानं हीच ठेवावी. हे तुला ठासून सांगता यावं म्हणून मंगळवारी तुझ्या वहिनीला घेऊन होशंगाबाद रोडला निघालो. पुढचा टेम्पो अचानक थांबला.

"अहो, ब्रेक!"

"दाबलाय!"

"कुठे दाबलाय? गाडी पळतेय!"

सुहासिनीनंच हात घालून हँडब्रेक ओढला. वीतभर अंतर राहिलं. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "अंकल, नींद में हो क्या?" मी त्याच्यावर ओरडलो, मग तुझ्या वहिनीवर. घरी आल्यावर मेकॅनिक अशोकवर. त्यानं ब्रेक उघडून दाखवले. ठणठणीत.

दोन्ही गाड्यांच्या पेडलमध्ये एकच दोष कसा असेल, जितू? साखरेनं माझा उजवा तळपाय बधिर झालाय. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच गाडी चालवणं बंद करायला सांगितलं होतं. मी घरातही बोललो नाही. तुझ्याशी एवढा वाद घालत बसलो, कारण कुठली गाडी घ्यायची हे ठरेपर्यंत मी गाडी चालवणारा माणूस होतो.

सुहासिनीला सगळं सांगितलं. ती रडली, दोन दिवस अबोला धरला. आज सकाळी तिनं एमजीची किल्ली मागितली. तुलसी नगरच्या ऑफिसला ती इतकी वर्षं आमची छोटी गाडी नेतेच आहे. तरी मी शेजारी बसून गिअर, क्लच, आरसा, सगळ्यावर ओरडत होतो. तिनं गाडी कडेला घेतली. "ओरडायचं असेल तर उतरा."

गप्प बसलो. मंडीदीपपर्यंत जाऊन आलो. झकास चालवते रे.

विक्रांतला नाही म्हणून कळव. अल्फा चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. राग अजून आहे, पण तो कोणावर काढायचा तेच कळत नाही. तू ये, वहिनी तुला एमजीतून फिरवून आणेल. गाडीत दोनच जागा आहेत, मी घरी थांबेन.

आता डावीकडे बसणारा,
तुझा दादा