भाऊसाहेबांच्या फोनची वायर

२४ एप्रिल १९९९, कोल्हार
आमचा फोन अजून मंजूर नाही. शेवटी रस्त्यापलीकडच्या भाऊसाहेबांच्या फोनला जोड मारून वायर लिंबावरून आमच्या घरात आली. मी मागितली नव्हती, माझ्या लेकीने, सुजाताने मागितली. भाऊसाहेब म्हणाले, "तुमची पोर ती माझी पोर, गुरुजी." ज्याने आमच्या वस्तीची स्मशानाची वाट नांगरून उसात घातली, त्याच्या तोंडून हे ऐकायचं!

२६ एप्रिल
सु.ला बंगळूरच्या संशोधन संस्थेत जागा मिळण्याजोगी आहे. प्रोग्रॅम लिहून २ मेच्या दुपारपर्यंत इंटरनेटवरून पाठवायचा. नगरच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन आली, तिथे फ्लॉपी उघडलीच नाही. म्हणजे ही वायरच. कॉम्प्युटर फोन लावतो, किंचाळतो, मग जोडला जातो. पलीकडे कुणी रिसीव्हर उचलला की सगळं तुटतं. आज सारखं तुटत होतं. मुद्दाम? मुद्दामच.

२८ एप्रिल
भाऊसाहेब आमच्या ओट्यावर. चहासुद्धा घेतला, आजवर कधी घेतला नव्हता. "एक तारखेला ग्रामसभा हाय. तुमी लई तिखट बोलता, गुरुजी. जरा दमानं. आता आपली लाईन एकच हाय न्हवं?"
जन्मभर व्यासपीठं हादरवली आणि मी म्हणालो, "बघू." बघू! थू.

३० एप्रिल
सु.: "माझ्यासाठी गप्प बसलात तर मी पाठवणारच नाही, बाबा."
तिच्या आईने तिला झापलं. मग मला: "मेलेल्यांच्या वाटंपायी जित्या पोरीला आडवनार व्हय?"
 पण पारूआत्याला स्मशानात नेताना पाट सुटलेला, खांदेकरी गुडघाभर चिखलात, तिरडी कलली, आणि बांधावर उभा राहून हा माणूस ओरडत होता, "ऊस तुडवू नका!"

१ मे
बोललो. "मेल्यावरही आम्ही तुमची परवानगी काढायची का?"
भाऊसाहेब उठले. "फोन माझा वापरत्यात आन् शिव्या मलाच!" त्यांची माणसं खदाखदा हसली.
"वायर काढा, वाट सोडा," म्हणालो आणि निघालो.
घरी येऊन पाहिलं. वायर तशीच. काढली का नाही? याचंच जास्त भय वाटतं.

२ मे, सकाळ
फोन लागला. फाईल निघाली. अर्ध्याच्या वर गेली, सु. म्हणते.
समोर भाऊसाहेब ओट्यावर बसलेत, फोन मांडीवर. हात रिसीव्हरवर. नजर माझ्या खिडकीवर. मीही हललेलो नाही.
सु.ची पाठ तिकडे आहे. तिला सांगितलेलं नाही.