युवराजचा वाटा

चिरंजीव युवराज, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

परदेशातून केलेल्या शेवटच्या फोनवर तू म्हणालास, "आत्या, मासेमारी बंद हाय." मी आपली उजनी धरणाच्या काठची, मला वाटलं पाणी आटलं असेल. म्हटलं, "मग पाणी येईस्तोवर घरी ये की." केवढा हसलास! "अगं, हा समुद्र हाय, पाणी लई हाय. लढाईपायी त्यात सुरुंग पेरल्यात. इथल्या अख्ख्या देशाच्या होड्या किनाऱ्याला बांधून पडल्यात, बर्फाचे कारखाने बंद, कोळ्यांच्या चुली बंद."

पुढं पोटासाठी तुमच्या मालकानं तुला घेऊन होडी काढलीच. ती परतली नाही, एवढंच किनाऱ्यावर राहिलेल्या तुझ्या सोबत्यानं कळवलं. आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू?

इथं तुझं जाळं आपली माणसं वापरतात, म्हणून तुझा वाटा अजून निघतो. कुंडलिकतात्या रोज वाटे करताना मोठ्यानं "युवराजचा!" म्हणून चिलापी मासे बाजूला ठेवतात. माणूस देवाघरी गेल्याशिवाय वाट्याचं नाव बदलत नाही, ही आपल्या काठाची रीत तुला ठाऊकच आहे.

काल तुझी बायको पायल वाटा न्यायला आली आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "तात्या, उद्यापास्नं माजं नाव घ्या. त्यांच्या नावाचा मासा माज्यानं शिजववत न्हाय आता."

तात्या रडले रे. मी पोरीला जवळ घेतलं. आज तात्यांनी "पायलचा" म्हटलं, तेही हळूच.

तुला राग आला असेल, तर येऊन भांड की तिच्याशी.

तुझी वाट बघणारी,
बजाआत्या