शाफ्टवरचे ठिपके

अण्णा,

तुम्ही बसवलेलं इंजिन मी गाडीतून काढलं, त्याला आता महिना होत आला. कोणाला विचारून काढलंस, असं तुम्ही आधी विचारलं असतंत, म्हणून सांगून टाकते. आरटीओला विचारलं, आईला विचारलं. ब्लॉकला तडा गेला होता, पाणी तेलात उतरत होतं आणि डिपस्टिकला दुधाच्या चहासारखा फेस लागून येत होता. असा ब्लॉक वेल्ड करून चालवणं म्हणजे रस्त्यात मरणं, हे तुमचंच वाक्य. त्याच जातीचं दुसरं इंजिन मिळालं, मोडीत निघालेल्या एका मालवाहू गाडीतलं. त्याच्या नंबरावर कागद धरून मी पेन्सिल घासली आणि आरटीओच्या अर्जासाठी ठसा घेतला. हे करताना तुम्ही जीभ दातांत धरायचात. मीही धरली होती, हे नंतर लक्षात आलं.

गाडी अजून झोटवाड्याच्या घरीच आहे, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुर्गापुऱ्याला राहते, आई मात्र झोटवाडा सोडायला तयार नाही. गाडी विकून टाक, असं तिनंही तुम्ही गेल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत कधी म्हटलं नाही, पण गाडीच्या बोनेटवर ती पापड वाळत घालते. तुम्हाला हे आवडलं नसतं. फौजेच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालात, साताऱ्याला परत जायचं सोडून इथंच राहिलात आणि पहिल्याच वर्षी ही गाडी लिलावात घेऊन आलात. वाळवंटातल्या कुठल्याशा पाण्याच्या प्रकल्पावर झिजलेली, परदेशी बनावटीची, मागे लांबलचक डिक्कीची स्टेशन वॅगन. चारही चाकांना जोर लागायचा आणि सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पाणी प्यावं तसं पेट्रोल प्यायचं. ते इंजिन तुम्ही काढलंत आणि त्याच्या जागी देशी डिझेल बसवलंत, गिअरबॉक्ससकट. बघायला अर्धी गल्ली जमली होती. पहिल्या किल्लीला इंजिन लागलं तेव्हा तुम्ही कोणाकडेच पाहिलं नाहीत, फक्त कापडाला हात पुसलेत. तुमचा तो थाट मला फार आवडायचा.

मग गाडी थरथरायला लागली. पन्नासपर्यंत ठीक, साठ ओलांडले की पायांखालून एक थरथर यायची आणि सत्तरला आईच्या डब्यांची झाकणं वाजायची. साताऱ्याला गेलो तेव्हा दोन दिवस आई चिवड्याचा डबा मांडीवर दाबून बसली होती. पाहुणे विचारायचे, तर तुम्ही म्हणायचात, "डिझेल आहे, एवढं असणारच." तुम्हाला तसं वाटत नव्हतं हे मला दिसायचं, कारण घरी आल्यावर तुम्ही न जेवता गाडीभोवती दोन फेऱ्या मारायचात.

मी बारावीत होते. गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल मी डिक्शनरी घेऊन वाचत होते, तेही तुमच्या नकळत, कारण तुम्ही त्याचं एक पानही उलटलं नव्हतंत. त्यात लिहिलं होतं की गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात सरकतो, आणि दोन्हींवर कारखान्यात एकेक बाण कोरलेला असतो. जोडताना दोन्ही बाण समोरासमोर आले पाहिजेत, नाहीतर गाडी थरथरते. एका रविवारी तुम्ही गाडीखाली आडवे होतात. मी बाजूने सरपटत आत शिरले, शाफ्टवरची माती पुसली आणि बघितलं तर एक बाण वर, दुसरा पार कुशीला. जोडाच्या दोन्ही बाजूंना तुमच्या सेंटर पंचाचा, त्या टोकदार छिन्नीचा, एकेक ठिपका होता आणि ते ठिपके मात्र समोरासमोर होते. तुमची पद्धत मला पाठ होती. जोड बसवला की दोन्ही भागांवर एकेक ठिपका मारायचा. जागा बदलून पुन्हा बसवला तर नव्या जागेवर दोन-दोन ठिपके. म्हणजे उघडलेलं परत कुठे बसवायचं ते कोणाला विचारायला नको.

मी बाणावर बोट ठेवून म्हटलं, "अण्णा, हे चुकलंय." आधी तुम्ही पाना खाली ठेवलात. मग म्हणालात, "बाहेर ये. आधी बाहेर ये." मी बाहेर आले, तुम्हीही आलात. शेजारचे काका कुंपणाला टेकून उभे होते, आदल्या दिवशी तुम्ही त्यांना इंजिन दाखवलं होतंत. "सव्वीस वर्षं फौजेच्या गाड्या उभ्या केल्या मी. आता तू मला बाण दाखवणार? चार पानं वाचली म्हणून गाडीखाली शिरायचं नसतं. जा, आईला भाकरी करू लाग." काका हसले. त्यांच्यासमोर बोललात हे मला जास्त लागलं. त्या दिवसानंतर मी तुम्हाला पानाही काढून दिला नाही. तुम्ही मागितलाही नाहीत. तुम्ही गेलात तोवर आपण गाडी सोडून सगळ्यावर बोललो, आणि आपल्याला बोलायला गाडीखेरीज दुसरं होतंच काय?

पुढे मी मेकॅनिकलच घेतलं आणि आता तेच शिकवते. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, मुलगी असून मेकॅनिकल कशाला? मी ही गोष्ट सांगितली. बाण, रविवार, भाकरी. समिती हसली आणि मला नोकरी मिळाली. तेव्हापासून दरवर्षी हा शाफ्ट शिकवायला आला की मी ती वर्गाला सांगते. "एक साहब थे, बड़े उस्ताद," अशी सुरुवात करते. माझे वडील, असं कधी म्हणत नाही. उस्तादांनी मॅन्युअल वाचलं नाही, एका पोरीनं दाखवलं तर तिला हाकलून दिलं आणि उरलेला जन्म थरथरत गाडी चालवली. मुलं भाकरीला हसतात. मग मी मॅन्युअल वाचण्याचं महत्त्व सांगते. चांगली बसवलेली गोष्ट आहे, अण्णा. इतकी वर्षं सांगून तिचे कोपरे गुळगुळीत झालेत.

आता गेल्या महिन्याचं. इंजिन उचलायचं तर आधी शाफ्ट सोडवावा लागतो. मिस्त्री झोटवाड्यातलाच आहे, साठीचा, दाढीला मेंदी लावणारा, फार न बोलणारा. त्यानं शाफ्ट काढून शेडमध्ये दोन विटांवर ठेवला आणि मी रॉकेलचं फडकं घेऊन बसले. मला ते बाण बघायचे होते. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच मी सुट्टी टाकली होती. इंजिन काय, मिस्त्रीनं एकट्यानंही काढलं असतं. माती निघाली, जुनं ग्रीस निघालं आणि बाण दिसले. एक वर, एक कुशीला. जसेच्या तसे. म्हणजे तुम्ही मरेपर्यंत हात लावला नव्हतात. मला आनंद झाला, आणि तो चांगल्या जातीचा नव्हता.

मिस्त्री वाकून बघत होता. त्यानं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि थोडं बाजूला पुसलं. "मैडमजी, ये तो एक बार और बैठाई है," तो म्हणाला. "ये देखो." तुमच्या एकेक ठिपक्यापासून काही अंतरावर, बाणांच्या शेजारी, दोन-दोन ठिपके होते, दोन्ही तुकड्यांवर. त्या रविवारी ते नव्हते. मी त्याच जागी बोट ठेवलं होतं, मला चुकायचं कारण नाही. आम्ही शाफ्टचे तुकडे ओढून वेगळे केले आणि दोन ठिपक्यांसमोर दोन ठिपके येतील असे सरकवले. बाण समोरासमोर आले. तंतोतंत.

म्हणजे तुम्ही करून पाहिलं होतंत. मी सांगितलं ते, मी सांगितलं तसं. आणि मग पुन्हा सगळं उघडून जुन्या जागी, एका ठिपक्यावर परत बसवलं होतंत.

परत का बसवलंत, हे कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, मी शिकवते ना. बाण जुळवलेला शाफ्ट विटांवर ठेवून बघितला, तर दोन टोकांचे जोड एकमेकांना सोडून वाकडे उभे होते, आणि ते एका रेषेत नसले की गाडी थरथरणारच. शाफ्टच्या नळीच्या मधोमध बोट फिरवलं तर वेल्डिंगचा वळ लागला. डिझेलचा गिअरबॉक्स लांब होता, म्हणून तुम्ही लेथवाल्याकडून शाफ्ट आखूड करून आणला होतात. कापून परत जोडताना नळी थोडी फिरली आणि कारखान्याच्या बाणांना काही अर्थच उरला नाही. तुम्ही बाणांकडे न बघता दोन्ही टोकं डोळ्यांनी एका रेषेत आणली होतीत. बरोबर आणली होतीत. चुकले होते ते मी. मॅन्युअल कापलेल्या शाफ्टसाठी लिहिलेलं नव्हतं, एवढी साधी गोष्ट मला बारावीत सुचली नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे शिकवायला लागल्यावरही सुचली नाही. माझं ऐकून तुम्ही बसवलात तेव्हा गाडी आणखीच उधळली असणार. ती चाचणी तुम्ही एकट्यानं घेतलीत.

थरथर कशाची होती तेही मिस्त्रीनं शोधलं. गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन, म्हणजे त्याला पेलणारी बैठक, तुम्ही लोखंडी अँगल कापून स्वतः बनवलं होतंत, ते बोटभर खाली राहिलं होतं. त्यामुळे शाफ्टचा कोन पुढे वेगळा आणि मागे वेगळा पडायचा. "साब ने सब सही किया, बस पिछला फाउंडेशन नीचा रह गया," मिस्त्री म्हणाला. खाली एक लोखंडी पट्टी घातली, झालं. तुम्ही बाणांत चुकला नव्हतात, पट्टीत चुकलात. मी बाणांत चुकले. आपण दोघं त्या रविवारी एकत्र बसलो असतो तर दुपारपर्यंत सापडलं असतं.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. "तो रविवार? दोघंही फुगून बसला होतात. मटण केलं होतं, मी एकटीनं जेवले." मग पुढची जुडी ओढत म्हणाली, "तू शाळेत गेलीस की हे गाडीखाली. मंगळवारी पण, बुधवारी पण. म्हटलं काय शोधताय, तर म्हणाले काही नाही. शर्टाचं वाटोळं केलं." मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. "मला काय माहीत त्यात सांगण्यासारखं होतं? मतलब, ते तर रोजच गाडीखाली असायचे," ती म्हणाली. तिचं बरोबर आहे. पण तिला आणखी एक आठवलं. त्याच महिन्यात तुम्ही माझ्या मापाची, गाडीखाली शिरताना घालायची खाकी डांगरी शिवून आणली होतीत, फौजेतल्यासारखी. टेलरला तुम्ही मुद्दाम छातीवर मोठा खिसा सांगितला होतात, मॅन्युअल मावेल एवढा. मला तो टोमणा वाटला. मी डांगरी एकदाही घातली नाही, तुमच्यासमोर घडी करून ट्रंकेत तळाशी टाकली. आईनं पुढे तिची फडकी केली. खिसा टोमण्याचा होता की नव्हता, हे आता कोणाला विचारणार? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

तुम्ही माझ्यावर रागावलात ते चुकीचंच होतं, हे मी अजूनही म्हणते. काकांसमोर तर नक्कीच. आणि करून पाहिलंत तर येऊन सांगायला काय झालं होतं? "पोरी, तुझं पुस्तक हरलं," एवढं म्हणाला असतात तरी मी गाडीखाली परत आले असते. कदाचित मला हरलेलं बघायचं नव्हतं तुम्हाला. कदाचित माझं ऐकलंत हे कबूल करायचं नव्हतं. मला दुसरं जास्त खरं वाटतं, कारण मीही तशीच आहे. पण ठिपके बघितल्यापासून मला तुमची फार आठवण येते. गेल्या एकोणीस वर्षांत आली नव्हती इतकी.

गाडी चालते. रविवारी आईला घेऊन अजमेर रोडला गेले. ऐंशीला काटा स्थिर, पायाखाली काही नाही. आई म्हणाली, "आवाजच येत नाही गं, बंद पडली की काय?" हसत होती. हे सगळं लिहायला बसले तेव्हा दोन कागद फाडले. मराठी लिहायची सवय गेलीय, मुलांचे पेपर तपासताना हिंदी आणि इंग्रजीच डोक्यात असतं. हा तिसरा कागद तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यात राहील. पाठवायचं तरी कुठे?

एक सांगायचं राहिलं, आणि लिहायला बसले ते त्यासाठीच. शुक्रवारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शाफ्ट शिकवायचा होता. ठिपके बघून तीन आठवडे झाले होते. नवी गोष्ट जुनीपेक्षा चांगली आहे, त्यातून शिकण्यासारखंही जास्त आहे, हे मला कळत होतं. फळ्यावर शाफ्ट काढला, बाण काढले, मुलांकडे वळले आणि तोंडातून निघालं, "एक साहब थे, बड़े उस्ताद." मग थांबता आलं नाही. थांबायचं नव्हतंही. भाकरीला वर्ग हसला. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, चष्मेवाली, ती हसली नाही. तिनं हात वर केला. "मैम, बाद में उन्होंने खोलकर देखा तो होगा?"

मी डस्टर उचललं आणि बाण पुसत म्हटलं, "नहीं बेटा. कभी नहीं देखा."