शेवटचं पान आधी

बाई,

मी डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून हे मोबाइलवर लिहितेय. दिवाळीपासून माझा घसा जो बसलाय तो उठायचं नाव घेत नाही, खोकलाही थांबत नाही, आणि आज घशात कॅमेरा घालून बघणार आहेत. घाबरले की मला तुमचीच आठवण येते. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली तरी ही सवय काही गेली नाही.

वणीच्या शाळेत आठवीला तुम्ही आम्हाला मराठी शिकवलंत, पण कथानक, पात्र, संघर्ष हे सगळं मी शिकले ते रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात. मी पाटावर बसून शेंगा फोडतेय, तुम्ही भाकरी थापता थापता विचारताय, "ह्या बाईला हवंय काय? आणि आडवं कोण येतंय?" तेवढं सापडलं की गोष्ट सापडली, असं तुमचं म्हणणं. पात्र ओळखायचं ते करतं काय त्यावरून, बोलतं काय त्यावरून नाही, हेही तिथलंच. मला मात्र भीती सोसायची नाही, म्हणून मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून घ्यायचे. एकदा तुम्ही पकडलंत आणि पुस्तक हातातून काढून घेतलंत. "शेवट कळला की तुला मधली माणसं दिसायची बंद होतात," म्हणालात, आणि आठवडाभर पुस्तक दिलं नाहीत. मी घरी जाऊन रडले होते.

त्याच वर्षी तुमचा आवाज बसला. खडूची धूळ, असं तुम्हीच सांगायचात आणि गालात ज्येष्ठमधाची काडी धरून शिकवायचात. नाशिकला जाऊन दाखवून या, असं हेडसर म्हणाले तर तुमचं आपलं, आधी सहामाही होऊ दे, मग वार्षिक होऊ दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. मी भेटायला आले तर तुम्हाला बोलताच येत नव्हतं. उशाखालची ज्येष्ठमधाची डबी तेवढी माझ्या हातात दिलीत. ती अजून माझ्या पर्समध्ये असते.

आता मीही मराठीच शिकवते. मागच्या आठवड्यात नववीला पूर्वसूचना शिकवत होते. पुढे जे घडणार असतं त्याची खूण लेखक आधीच कुठेतरी ठेवून देतो, असं सांगितलं आणि उदाहरण विचारलं. मधल्या बाकावरची एक मुलगी उठून अगदी मनापासून म्हणाली, "मॅडम, गोष्टीत सुरुवातीला कोणी खोकत असेल ना, तर ते शेवटी मरतं. तुम्ही पण किती दिवस खोकताय." वर्ग हसला. ती हसली नाही, आपलं चुकलं काय तेच तिला कळेना. मी म्हटलं, अगं, ही सिंहस्थाच्या कामांची धूळ, सगळं नाशिक खणून ठेवलंय, आमच्या इंदिरानगरात तर खिडकी उघडायची सोय राहिलेली नाही. तास कसाबसा संपवला आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. पोरीने माझ्या मनातलंच बोलून दाखवलं होतं. धूळ, ज्येष्ठमध, परीक्षा होऊ दे. माझे संवादसुद्धा तुमचेच होते, बाई. डॉक्टरांची घेतलेली वेळ मी दोनदा मोडली आणि घरी सांगितलं की ते बाहेरगावी गेलेत.

आज सकाळी चहा गाळताना यांना खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. "चल, स्कूटर काढतो," एवढंच म्हणाले आणि घाईत माझ्याच चपला घालून निघाले. इथे आल्यावर आमच्या दोघांच्या लक्षात आलं.

इतकी वर्षं मी तुमच्यावर रागावलेली होते. एवढी शहाणी बाई, आणि वेळेवर दवाखान्यात जायला काय झालं होतं, असं मनात यायचं. आज या बाकावर बसल्यावर कळतंय, सहामाही होऊ दे म्हणणारी बाई घाबरलेली असते. तुम्ही काय करत होतात ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मी तुमचा शेवटच धरून बसले, म्हणून मधल्या तुम्ही मला दिसलाच नाहीत. भाकरी थापताना तुम्ही मधेच थांबून गळ्याला हात लावायचात, ते आज आठवतंय.

हे कुठे पाठवणार? एक सांगायचं राहिलं. मघाशी नर्सने माझं नाव पुकारलं होतं. हे पाणी आणायला गेले होते, आणि मी मान खाली घालून लिहीत राहिले. आता हे समोरून बाटली घेऊन येतायत, माझ्या चपला फटफटवत, आणि नर्स पुन्हा दारात आली आहे. मला फार भीती वाटतेय, बाई. तुम्हाला वाटत होती तेवढीच. उठते.