कुंपणापलीकडचं ऊन

१४ नोव्हेंबर
ओडेट येऊन तंबी देऊन गेली. गावातल्या सगळ्यांच्या पुदिन्याच्या पानांचं तेल तिच्याच भट्टीवर निघतं, म्हणून ती बोलतेही तशीच. ‘थिया, गेल्या हंगामात तुझ्या पेपरमिंटची पानं गाईच्या कानाएवढी, पण बाटलीचा तळ ओला होईल तर शपथ. यंदाही असाच पाला आणलास तर मी भट्टी पेटवणार नाही.’

औषधवाला पोटदुखीच्या थेंबांसाठी माझंच तेल नेतो. न्यायचा, म्हणावं लागेल. शिवणकामाचं दुकान बंद केल्यापासून हा वाफाच माझं दुकान. तोही गेला तर मी दिवसभर करू काय?

दोष ना खताचा, ना पाण्याचा. उन्हाळा तोंडावर आलाय, पण ऊन वाफ्यापर्यंत पोचतच नाही. पश्चिमेला डोंगर — ऊन लवकर गिळतो. पूर्वेला शेजारच्या क्लॅरी डेव्हिटचं सायप्रसच्या झाडांचं कुंपण, वाढून घराएवढं झालेलं — दुपारपर्यंत सावली. सावलीत पान ऊन शोधत नुसतं पसरतं. तेल धरत नाही.

१५ नोव्हेंबर
क्लॅरीकडे गेले. म्हटलं, कुंपण कापा. ‘ब्रामिचबाई, ते माझ्या मॉइरानं लावलंय.’ गेलेल्या बायकोचं नाव पुढं केलं त्यानं. नेलेला केक ठेवून आले. ठेवायला नको होता.

२० नोव्हेंबर
सुचलं! दुकानातले उभे आरसे शेडमध्ये धूळ खात पडलेत. निम्म्या गावानं लग्नाचे झगे त्यांच्यात बघितलेत. शेड वाफ्याच्या पश्चिमेलाच; शिडी लावून तिन्ही आरसे तिच्या छपराच्या कडेला बांधले. सकाळचं ऊन कुंपणावरून येतं, आरशांवर आपटतं आणि खाली वाफ्यावर पडतं. पेपरमिंट गोंधळलं असेल — आज सूर्य पश्चिमेला उगवला.

२ डिसेंबर
वाऱ्यानं एका आरशाची दोरी सैल झाली. आरसा मागे कलला आणि ऊन थेट क्लॅरीच्या स्वयंपाकघरात! त्याचं घर चढावर, खिडकी बरोब्बर कुंपणावरून डोकावते. लगेच सरळ करणार होते. मग म्हटलं, आधी चहा घेऊ.

३ डिसेंबर
सरळ केला नाही.

९ डिसेंबर
म्हातारा काळा चष्मा लावून न्याहारी करतो. डोक्यावर गवती टोपी. शिडीवरून, पक्ष्यांसाठी घेतलेल्या दुर्बिणीतून नीट बघितलं. मला चिडवतोय. ठीक आहे. सूर्य सरकला तसा मीही आरसा सरकवला — टोस्टपासून मार्मलेडच्या बरणीपर्यंत त्याचा पाठलाग केला. हूं नाही की चूं नाही.

१८ डिसेंबर
मजा गेली. भांडायला समोरचा माणूस नको का? तो आरसाही वाफ्याकडे वळवून घट्ट बांधून टाकला.

२१ डिसेंबर
दार वाजलं. क्लॅरी, टोपीसकट.

‘ब्रामिचबाई, माझं ऊन कुठं गेलं?’

‘तुमचं?’

‘न्याहारीचं. सकाळी माझं स्वयंपाकघर म्हणजे तळघर असतं हो. मॉइरा गेल्यापासून दिवा लावून एकटाच टोस्ट खातो. या महिन्यात खिडकीतल्या जिरॅनियमलासुद्धा कळ्या आल्या. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम पाठवताय.’

‘मुद्दामच पाठवत होते,’ मी म्हटलं. यात खोटं काही नाही.

त्याला वाफ्याशी नेलं. कुंपणालगतचं एक पान चुरगळून हातात दिलं. हुंगून म्हणाला, ‘पालक.’ मग आरशांच्या उन्हातलं दिलं. ते हुंगलं आणि शिंकला, डोळ्यांत पाणी आलं. मग कुंपणाकडे वळला.

‘खरं सांगू? हे मॉइरानं नाही लावलं. ती तर दर वर्षी म्हणायची, काप ते. मीच लावलं. शेजाऱ्यांशी बोलावं लागू नये म्हणून.’

‘शेजारी म्हणजे मीच की.’

‘हो. तुम्ही फार बोलायचा.’

मी काही बोलले नाही. फार जड गेलं.

५ जानेवारी
सकाळपासून करवत चालली आहे. क्लॅरीनं एक माणूस लावलाय आणि स्वतः टोपी घालून त्याला हुकूम सोडतोय. संध्याकाळी कुंपण कमरेएवढं उरलं. वाफ्यात उभी राहिले तर त्याच्या स्वयंपाकघरातली किटलीसुद्धा दिसते. वाफ्याला आता आरसे लागणार नाहीत. एक मात्र तसाच ठेवलाय — थोडा मागे कलवून.

१२ फेब्रुवारी
ओडेटनं माझी खेप काढली. आधी तोंड वाकडं — ‘पानं केवढीशी ही!’ मग तेल उतरायला लागलं आणि तिला दुसरी बाटली लावावी लागली. शेवटी म्हणाली, ‘थिया, केलंस काय?’

‘आरसे दाखवले.’

तिला वाटलं, थट्टा करतेय. औषधवाला बाटल्या घेऊन गेला आणि पुढच्या वर्षीचंही सांगून गेला. क्लॅरीला एक छोटी बाटली दिली. त्यानं उघडली आणि पुन्हा शिंकला.

१५ फेब्रुवारी
आज कुंपणावरून चहाचा कप देता देता क्लॅरी म्हणाला, ‘थिया, मुलीला कळवून टाकलं. घर विकत नाही.’

विकणार होता? मला पत्ताच नव्हता. डिसेंबरात घर बघायला माणसं यायची होती, आणि हा क्वीन्सलँडला लेकीकडे जाणार होता — उन्हात राहायला.

म्हणजे मी गप्प बसले असते, तर म्हातारा आपसूक गेला असता. नव्या मालकानं कुंपण पाडलं असतं, आणि शिडी न चढता माझ्या वाफ्याला ऊन मिळालं असतं.

बरं झालं, गप्प बसणं मला जमत नाही.